अकरा वर्षांची भाडेकरू

आमच्या शेजारच्या सुतारणीला अख्खी गल्ली 'गुण्या' म्हणते. गुण्या म्हणजे लाकडाचा काटकोन तपासायचं हत्यार, आणि हे नाव मीच ठेवलं. माझं गाद्या नि सोफे शिवायचं दुकान तिच्या दुकानाला लागून आहे. मध्ये एवढी पातळ भिंत, की तिचा रंधा चालला की माझ्या कात्र्या खिळ्यावर नाचतात. बाई सरळ म्हणजे किती सरळ? गिऱ्हाइकाला टेबल देताना आधी ते उलटं करून लाकडातली गाठ दाखवते. "ही इथे आहे बघा. चालत नसेल तर फळी बदलते." अगं, टेबलाखाली वाकून बघायला कोण येणार आहे? तिच्या या स्वभावापायी मी कितीदा कपाळावर हात मारून घेतला असेल.

ती आणि दवाखान्यात नोकरी करणारी तिची नर्सबाई कैक वर्षं एका घरात राहतात. दोघी एकमेकींच्या आहेत हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक, पण बोलत कोणी नाही. सुरुवातीला मीही नाक मुरडलं होतं, खोटं कशाला सांगू? मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सख्ख्या भावाने नुसता फोन केला, आणि या दोघींनी महिनाभर डबा आणला. नाक आपोआप सरळ झालं.

त्यांना मूल हवं होतं, दत्तक घ्यायचं होतं. नर्सबाईची नोकरी कायमची, म्हणून अर्ज तिच्या एकटीच्या नावाने करायचं ठरलं. कागदावर घरातल्या इतर मोठ्या माणसांचं नातं विचारलं होतं. तिथे घोडं अडलं आणि मी नेहमीप्रमाणे नाक खुपसलं. म्हटलं, "भाडेकरू लिहा आणि मोकळ्या व्हा. बघणाऱ्यांच्या मनात काय येईल, सांगता येतं का?" दत्तक देणाऱ्या संस्थेत एक फोन करून विचारावं, हे तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही. 'नाही' हेच उत्तर मिळणार, असं आम्ही आधीच धरून बसलो होतो.

 तिसऱ्या दिवशी गुण्याने स्वतः बनवलेला मोठा पलंग मधोमध कापला, दोन्ही अर्ध्यांना नवे पाय लावले आणि एक अर्धा दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. गादी माझ्याकडे आली. मी ती कापली, कडा शिवल्या. काम इतकं सफाईदार झालं की मी स्वतःवरच खूश झाले. आता आठवलं की लाज वाटते.

मग संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. जाड चष्मा, हातात फाईल. ओळखीची साक्षीदार म्हणून मी हजर होते. त्यांनी औषधांचं कपाट पाहिलं, खिडकीचे गज हलवून पाहिले, गॅसची नळी पाहिली. गुण्याच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "किती वर्षं राहता इथे?"

"अकरा," गुण्या भिंतीकडे बघत म्हणाली.

चहा झाल्यावर बाईंनी फाईल मिटली. "घर छान आहे. दीड वर्षाचा एक मुलगा आहे आमच्याकडे, त्याच्यासाठी तुमचं नाव मी पुढे पाठवते. फक्त एक करा. लहान मूल येणार, तर घरात परका भाडेकरू नको. त्यांना महिन्याभरात दुसरी जागा बघायला सांगा."

 अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल माझा नव्हता.

गुण्या शांतपणे म्हणाली, "जाते मी. दुकानात माळा आहे, तिथे राहीन."

नर्सबाई ताडकन उठली. "ती कुठेही जाणार नाही! भाडेकरू नाही ती. संसार आहे आमचा. त्या बाळाला दोघी मिळणार असतील तर आणा, नाहीतर..."  ती रडायला लागली.

बाईंनी चष्मा काढला. "दोघी आहात म्हणून मी नाही म्हटलं नसतं. आमच्याकडे दोघींचा अर्ज चालतो. पण खोट्या माहितीची फाईल मला पुढे नेता येत नाही. नवा अर्ज करा. रांग मात्र पहिल्यापासून."

"मग कागदावर तसं छापत का नाही?" मी उसळले. "त्यावर हसरे नवरा-बायको छापलेत. यांनी काय समजायचं?"

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. पण फाईल बंद झाली ती झालीच. तो मुलगा दुसऱ्या घरी गेला.

दोघींनी त्याच आठवड्यात दोघींच्या नावाने अर्ज केला. दोन वर्षं गेली. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण माफी मागायला ती उचलेना. शेवटी मागच्या महिन्यात भिंतीपलीकडे गेले आणि म्हटलं, "माझ्यामुळे गेलं गं तुमचं मूल."

तिने रंधा खाली ठेवला. "तू नुसतं सुचवलंस, ताई. मला ते पटलं कसं, ते बघ ना. 'कुठे राहतेस' असं कोणी विचारलं तर मी काय सांगायचे? 'तिच्याकडे राहते.' तिच्याकडे! त्या घरातली एकेक फळी मी बसवलीय."

 मी तिथेच भुशात बसून रडले, आणि तिनेच मला पाणी दिलं.

काल बोलावणं आलं. तीन वर्षांची एक मुलगी आहे, दोघींनी येऊन भेटा. रिक्षात मीही चढले, मला कोण अडवणार? संस्थेच्या खोलीत ती पोर टेबलाखाली दडून बसली होती. नर्सबाईने हाका मारल्या, मी चुटक्या वाजवल्या, छे! मग गुण्या गुडघ्यांवर बसली आणि वाकून टेबलाखाली बघू लागली. 

"तू कुठे राहतेस?" आतून आवाज आला.

नर्सबाईचा हात माझ्या दंडावर घट्ट आवळला गेला.

"माझ्या घरी," गुण्या म्हणाली. "येतेस?"