नणंदेला चालायला शिकवलं तेव्हा

मला चांगलं चालता येतं, हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं आणि पुढच्या आठ दिवसांत मी ते विसरलेही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता. पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे. डोक्यावर दोन पितळी गुंड, कमरेवर तिसरा, दिवसाला सहा खेपा. (पाय दुखतात का, हे सुनेला विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती.)

माझ्या नणंदेचं, सुमनचं, लग्न एकाच गोष्टीवर अडलं होतं. मुलगी लंगडत तर नाही ना, हे बघायला पाहुणे तिला अंगणात चालवून पाहत. आणि सुमन चालायची ती ढेकळं फोडत! मागच्या पाहुण्यांनी तोंडावरच विचारलं होतं, "पोरगी चालते का वखर हाकते?" सुमन दोन दिवस जेवली नाही. आता रविवारी मेडशीचे पाहुणे येणार होते.

सासूबाई मला म्हणाल्या, "तुह्या डोक्यावरचा गुंड हालत नाही. शिकव तिले!"

"मले काय माहीत जी, मी कशी चालतो ते?"

"मंग रोज विहिरीवर उडत जातं का?"

झालं! चौथी शिकलेली मी मास्तरीण झाले. सुमनच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेला गुंड.

"कणा ताठ ठेव. खांदे सोड. दम पोटात घे."

"वैनी, दम कोन्त्या पायाले घेऊ?"

हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण मास्तरणीनं 'माहीत नाही' कसं म्हणायचं?

"उजव्याले घे, डाव्याले सोड!" मी ठोकून दिलं.

पहिल्या दिवशी गुंडाला पोचा आला, दुसऱ्या दिवशी सुमनच्या कपाळाला टेंगूळ. सांडलेल्या पाण्याची भरपाई म्हणून मला सातवी खेप! पण शनिवारी सुमन भरल्या गुंडासकट अंगण ओलांडून गेली आणि थेंब सांडला नाही. मी मात्र विहिरीवरून येताना मोजत होते, उजव्याला घे, डाव्याला सोड... आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा गुंड पडला.

रविवारी सुमन अशी चालली की मुलाची आई म्हणाली, "पाय कसे हलके टाकते, पाहा!"

सासूबाई फुलल्या. "आमच्या सुनेनं शिकवलं. पोहे आण वं, सूनबाई!"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे! (चार माणसं दिसली की मी एरवीही भिंतीला चिकटते.) परात हातात, उंबरठा समोर, आणि उजवा की डावा, तेच आठवेना. दम घेतला, तो सोडायचा राहिला! पुढच्या क्षणी मी मुलाच्या आईच्या मांडीत होते आणि पोहे तिच्या डोक्यावर.

सुमनच्या डोळ्यांत पाणी भरलं. मला वाटलं, गेलं हेही स्थळ, अन् या खेपेला माझ्या पायांनी!

मुलाच्या आईनं केसांतून शेंगदाणे वेचत विचारलं, "हेच का शिकवणारी?"

"हो जी," सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"पोरगी पसंत हाये आमाले. पण एक अट हाये. लग्नाच्या पंगतीत या बाईले वाढाले पाठवू नका!"

त्या लग्नात घरातले सगळे राबत होते आणि मी एकटी दिवसभर मांडवात बसून होते. इतका आराम मला बाळंतपणातही मिळाला नव्हता. पुढे आणखी दोन लग्नांत मी पंगतीत मुद्दाम अडखळून पाहिलं, पण कोणी अट घातली नाही. सांडलेलं वरण तेवढं मलाच पुसावं लागलं.