जिनातले भावजी

या रे पोरांनो, जरा जवळ बसा. भावजींच्या दहाव्याला आला होतात तेव्हा ओसरीच्या पार टोकाला बसलात, पाणीही तिथंच मागवलंत आणि हळू आवाजात बोलत राहिलात. तुम्हाला वाटलं, म्हातारीला काय ऐकू येणार. माझे डोळे मंदावलेत, कान शाबूत आहेत. "नागपूरला एवढं शिकून माणूस वाशिमच्या कापसाच्या जिनात कुजला," असं तुमच्यातला एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. तुम्ही सगळे उद्याचे डॉक्टर, माझ्या पुतण्याचे सोबती. सुतकाच्या घरात वाद नको म्हणून मी गप्प राहिले. आता पेपरवाल्यांनी दोन शब्द लिहायला सांगितलं आहे. मी दोनात आवरणारी बाई नाही, तेव्हा बसा.

निरोप आला तेव्हा आम्ही जऊळक्याच्या शेतात निंदत होतो. स्टेशनवरचा हमाल बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "वाशिमहून निरोप आहे. डॉक्टरसाहेब गेले." मी विचारलं, "कुठं गेले? कारंज्याले का?" कारण ते असेच न सांगता कुठल्या तरी जिनात जाऊन बसत. हमालानं टोपी काढली, तेव्हा मला कळलं... त्या दिवशी हातातलं तण टाकून मी उठले आणि आधी पाय धुतले, एवढं आठवतं. माणूस गेल्याचं कळल्यावर पाय कशाला धुवायचे, पण मी धुतले.

नारायणभावजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते मराठी शाळेत जात होते. शाळा मी बाहेरूनच पाहिली, अक्षरं गिरवली ती त्यांच्या पाटीवर, ते जेवायला बसले की. पुढं ते नागपूरहून डॉक्टर होऊन आले, तेव्हा अकोल्याचे त्यांचे होणारे सासरे भर रस्त्यावर दवाखान्याची जागा हेरून बसले होते. भावजींनी वाशिमला जिनात नोकरी धरली. कापसातून सरकी वेगळी काढायचे रेचे तिथं ओळीनं चालतात. रेच्यात बोटं जायची, पट्ट्यात पदर अडकायचा, आणि तपासणीला येणारे साहेब आता विचारू लागले होते की इथं डॉक्टर कोण. म्हणून जिनाचे मालक शेठजींनी फाटकाजवळ एक खोली आणि एक खुर्ची दिली. सासऱ्यांना हे लोकांना सांगायची लाज वाटे. शिरपूरच्या एका लग्नात त्यांनी ओळख करून दिली, "हे आमचे जावई, डॉक्टर आहेत, पण सध्या कापसात आहेत." लगेच एका व्याह्यानं कापसाचा भाव विचारला. भावजींनी सांगितला. बरोबर सांगितला, आणि जिलबी वाढून घेतली.

मी एकदा सरळच विचारलं, "भावजी, अकोला सोडून काहून बसले जी तुमी त्या धुळीत?"

"वहिनी, दवाखान्यात माणूस बिमार पडल्यावर येते. तो बिमार कशानं पडून राह्यला, ते तिथून दिसत नाही. जिनात ते खुर्चीवरून दिसते."

मला तेव्हा ते शिकलेल्या माणसाचं बोलणं वाटलं. पण पुढं जे झालं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

रेच्यांवर बहुतेक बायाच असत. रविवारी बाजार आणि रविवारीच जिन बंद. सोमवारी कामावर आल्या की दुपार कलताना बायांची छाती आवळायची, खोकल्याची ढास लागायची, अंग कसकसायचं. मंगळवारी कमी व्हायचं, बुधवारी विसरून जायच्या, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. बायांनी त्याला नाव दिलं होतं, 'बाजार बाधला'. रविवारच्या भज्यांच्या तेलावर सगळं खापर. सासवांनी सुनांचा बाजार बंद केला. भजेवाल्यानं बिचाऱ्यानं तेल बदललं, कढई बदलली, शेवटी गिऱ्हाइकासमोर आपलीच भजी खाऊन दाखवू लागला आणि हंगाम संपेतो चांगला जाडा झाला. भावजी हे सगळं ऐकत. त्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली. ज्यांचा बाजार बंद झाला होता त्या सुनाही सोमवारी तशाच खोकत होत्या.

गोदाबाई अशीच एक. मानोऱ्याकडची, नवरा गेल्यावर दोन लेकी घेऊन वाशिमला आलेली. तिचा दम जास्तच लागे. एका सोमवारी मी जऊळक्याहून गाडीनं आणलेला भावजींचा डबा घेऊन खोलीत बसले होते, तेव्हा ती दाराशी आली. बसायला सांगितलं तर भिंत धरून उभीच राहिली. आधी श्वास घेतला, मग बोलली.

"डॉक्टरसाहेब, बिमारीच्या कागदावर बाजारच लिवा."

"काहून? बाजाराले तर तू गेलीच नाहीस."

"नाही गेली. पण जिन लिवलं तर शेठजी म्हणतीन, हिले जिन सोसत नाही, काढा हिले. बाजारानं बिमार पडलेली बाई मंगळवारी कामाले येते. जिनानं बिमार पडलेली बाई घरीच बसते."

"अन् छातीचं काय?"

"छाती माही हाय जी. पोरी बी माह्याच हायेत."

भावजींनी टाक दौतीत बुडवला, आणि तसाच ठेवून दिला. त्या दिवशी त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. डबाही अर्धा परत केला. मला म्हणाले, खरं लिहावं तर हिची चूल विझते, खोटं लिहावं तर ही विझते. मी म्हटलं, मग आपलं औषध द्या अन् गप्प बसा, बाकीचे डॉक्टर काय करतात. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपली खुर्ची खोलीतून उचलून रेच्यांमध्ये नेली. तिथंच बसू लागले, भोंग्यापासून भोंग्यापर्यंत. रुईचे तंतू मिशीवर, भुवयांवर. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं जऊळक्याला आमच्याकडं यायचे, रविवारभर माझ्याच हातचं खायचे, सोमवारी सकाळी परत. बाजाराचा दाणासुद्धा तोंडात घालायचे नाहीत. मी एकदा शेवेची पुडी पुढं केली तर हात मागं घेतला, जसं काही विष दिलं. हंगाम उतरायला आला तेव्हा एका शनिवारी हसतच अंगणात शिरले.

"वहिनी, या सोमवारी मलेही बाजार बाधला."

मी आधी हसले, मग माझं हसू ओसरलं. ते मात्र खूष होते. आपल्या खोकल्यावर इतका खूष झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला.

मग ते मला घेऊनच शेठजींकडं गेले. साक्षीला, म्हणाले. शेठजी गादीवर लोडाला टेकून बसले होते. एक दिवसाच्या सुटीनंतर छाती पुन्हा रुईच्या धुळीत आली की आवळते, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले. "डॉक्टरसाब, फिर तो भाभी की रोटी बाधली. क्यों भाभी, रोटी में क्या डालती हो?"

मी म्हटलं, "ज्वारी घालते शेठजी. तुमच्याच दुकानातली."

गादीवरचा मुनीम खाली पाहून वहीची पानं उलटू लागला. भावजींनी कागद पुढं सरकवला. त्यावर बायांपैकी कुणाचं नाव नव्हतं, त्यांचं एकट्याचंच होतं. म्हणाले, "शेठजी, जिन मले सोसत नाही. मले काढून टाका."

शेठजींनी कागद दोनदा वाचला. माणूस हुशार होता. ह्याला काढलं तर तपासणीच्या साहेबाला दाखवायचं कुणाला, आणि धुळीत बसायला दुसरा डॉक्टर येणार कोण. "काय पाहिजे ते सांगा," शेवटी ते मराठीवर आले. भावजींनी मागितलं ते एवढंच, दोन्ही भिंतींना उंचावर झरोके, सरकीचा ढीग बाहेर, आणि झाडण्याआधी जमिनीवर पाणी. मुनीम म्हणाला, वाऱ्यानं रुई उडून जाईल. मग झरोक्यांना बारीक जाळ्या लागल्या. सोमवार काही नाहीसा झाला नाही, तसं मी लिहिणार नाही, पण हलका झाला. गोदाबाई दोन्ही पोरींची लग्नं करून, त्यांची बाळंतपणं काढूनसुद्धा रेच्यावर होती.

तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. सोमवारी भोंगा झाला की फाटकात उभे राहून सुटणाऱ्या एकेका बाईला विचारायचे, "काल बाजार कसा झाला?" बायांना वाटे डॉक्टर मोठा चौकस, भाजीचे भाव विचारतो. ते भाव ऐकत नव्हते. बाई वाक्य एका दमात संपवते की मध्ये थांबते, ते ऐकत होते. जी थांबे तिला दुसऱ्या दिवशी बाहेर सरकीवर काम मिळे, आणि कुणाला काही लिहून द्यावं लागत नसे. पुढं कारंज्याचे, अकोल्याचे जिनवाले त्यांना बोलावून न्यायचे, झरोके कुठं पाडावे ते विचारायला. हाच त्यांचा दवाखाना. तुम्ही ज्याला कुजणं म्हणालात ते हे.

दर थंडीत त्यांना खोकला असे. लोक म्हणतात, जिनानंच नेलं. मी तसं म्हणत नाही. आषाढात ताप आला, चार दिवसांत गेले. न पाहता कारण सांगितलेलं त्यांना चालत नसे, आता त्यांच्याच बाबतीत मी कशाला सांगू.

तेराव्यानंतर मी त्यांचं सामान आणायला जिनात गेले. पावसाळ्यात जिन बंद असतं, आवारात गवत वाढलं होतं. खुर्ची, दोन बाटल्या, कोपऱ्यात वहाणा. थोरले शेठजी कधीच गेले, आता मुलगा पाहतो, आणि मुनीमही नवा आहे. तो दारातूनच म्हणाला, "बाई, लवकर खाली करा. इथं रिकाम्या पोत्यांचा बारदाना ठेवायचा हाय. ते झरोके बी बुजवून टाकतो, लय रुई वाया जाते."

"नवा डॉक्टर कुठं बसंल मग?"

"कोण येते इथं, बाई?"

तो काही वाईट माणूस नाही. खरंच विचारत होता. भावजींच्या ट्रंकेला लावायला मी घरून कुलूप आणलं होतं. ट्रंक दोरीनं बांधली, आणि कुलूप खोलीला लावून आले. मुनीम म्हणाला, किती दिवस? मी म्हटलं, हंगाम लागेतोवर तरी हात लावू नका, मी विचारून पाहते.

तर विचारते आहे. नोकरी धरा असं म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. पण एकदा येऊन खोली तर बघा. जऊळक्याला गाडी थांबते, स्टेशनवर कुणीही घर दाखवेल. माझ्याकडं जेवा, किल्ली घ्या आणि पुढं वाशिमला जा. तेवढं दिवाळीच्या आत या... दिवाळीनंतर बाया कामावर येतील.