राकसाचं काम

शेवटच्या काळात आमचे भाई कुणालाही भेटले की आधी त्याचे पाय बघायचे, चेहरा नंतर. "व्हाणो ल्हान जातत काय रे?" हा पहिला प्रश्न. लोक हसायचे. भाई म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्या मापाची वहाण बाजारात मिळत नसे, म्हापशाला शिवून घ्यावी लागे. चाळिशीतही पाय वाढतच होते. कुणाचे वाढतात? पण आमच्या इब्रामपुरात हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

पडणार कसा? जत्रेतल्या दशावतारात ते राकस व्हायचे. जबडा पुढे आलेला, कपाळ जाड, आवाज विहिरीतून आल्यासारखा. वर्षागणिक चेहरा उग्र होत गेला आणि टाळ्या वाढत गेल्या. "भाईंक रंग कित्याक जाय? देवान फुकट दिला," असं तोंडाला रंग फासत सोबतचे नट म्हणायचे. काम संपलं की भाई दोन्ही हातांत डोकं धरून बसत. आम्हांला वाटे, मुकुट जड असेल.

नजर अधू झाली तेव्हा इस्पितळात उलगडा झाला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ होती, कैक वर्षांची. ऑपरेशन झालं, पण तोवर हृदय कामातून गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, की दोष जनुकातला आहे, घराण्यात उतरतो. तो असलेल्या प्रत्येकाला गाठ होतेच असं नाही, पण भावाने आणि त्याच्या मुलांनी रक्त तपासून घ्यावं. लहान वयात सापडलं तर पुष्कळ वाचवता येतं.

माझी धाकटी बहीण सुमी तेव्हा शाळेत होती आणि आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघत होती. "भाईंवर गेली," असं बाबा कौतुकाने सांगत. पण नेमकी तेव्हाच माझी सोयरीक कारापूरला ठरत होती. बाबांनी फर्मान काढलं, रक्त कुणी द्यायचं नाही.

"म्हाका काय जालां? कायच नाय. म्हणजे आमच्या बाजूक ता नाय," बाबा म्हणाले. "आणि कारापूरच्यांक कळलां तर?"

भाई उठून उभे राहिले. "लगीन मोडलां तर दुसरां जमात. पोरीचे डोळे खंयसून आणतलंस? लोकांनी माझ्या रोगाक टाळ्यो मारल्यो. आता तू पोरीच्या रोगाक मारतंस?"

"माझ्या पोरीचां मी बघतलंय," एवढंच उत्तर.

भाई गप्प बसले नाहीत. एका सकाळी ते सुमीला घेऊन बसमध्ये चढले. बाबांनी तिला दंडाला धरून सगळ्या गावादेखत खाली उतरवलं. एवढा थोरला माणूस धाकट्या भावापुढे हात जोडून उभा राहिला आणि बघ्यांतलं कुणीतरी हसलं. त्याच पावसाळ्यात भाई गेले. बाराव्याला लोक त्यांच्या राकसाबद्दल भरभरून बोलत होते. एकेकाच्या तोंडावर हात ठेवावा असं मला वाटत होतं.

माझं लग्न मात्र थाटात झालं. सुमी घरातल्या घरात चौकटींना आदळू लागली, तेव्हा कुठे तिची गाठ सापडली. गाठ काढली, पण गेलेली नजर परतली नाही. तिला समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं दिसत नाही.

परवा माहेरी गेले होते. शेजारचे एक गृहस्थ सुमीची चौकशी करायला आले होते. बाबांनी सुस्कारा टाकला. म्हणाले, "काय करतलंव? आमकां तेव्हा कोणी सांगूकच नाय."

सुमी त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने अख्खी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तशी वळवल्याशिवाय तिला ते दिसत नाहीत.