तुसाच्या गोणी

मी फुटबॉलचा लोखंडी गोल तुसाच्या गोणींच्या भरवशावर उभा केला.

तूस म्हणजे गिरणीत भात भरडल्यावर उरतं ते टरफल. गोणी ठासून भरली तरी वजनाला उशीच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. टोकावड्याच्या आतल्या पाड्यावर इतकी वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला ते ठाऊक असतंच. पण त्या दिवशी गोणी टम्म फुगलेल्या दिसल्या आणि माझं समाधान झालं. दुसरीतली पोरं एकेक गोणी डोक्यावर घेऊन पळत आली, तेव्हाही शंका आली नाही. उलट मी त्यांच्या ताकदीचं कौतुक केलं.

गोल रोवायचा सोडून गोणींखाली दाबायची वेळ आली ती खळ्यामुळे. शाळेला मैदान नाही. भात झोडून झालं की पाड्याचं खळं रिकामं होतं, तेवढीच सपाट जागा. खळं देताना पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी एकच अट घातली होती, "एक बी खड्डा खनायचा नाय. पुडल्या साली दाना त्यात जातो." मी मान डोलावली. मुरबाडच्या वेल्डरने जुन्या पाण्याच्या पाइपांचा गोल बनवून दिला, तो वडापच्या जीपच्या टपावर बांधून आणला, खळ्याच्या कडेला नुसता ठेवला आणि त्याच्या मागच्या पाइपावर गोणी रचल्या.

बाकी काळजीत मी कमी पडलो नव्हतो. शहापूरच्या प्रशिक्षणात मुलांच्या सुरक्षेचं जे जे सांगितलं, ते सगळं केलं. खडे वेचून घेतले. सगळ्यांना अनवाणी खेळवलं, म्हणजे कुणाच्या बुटाखाली कुणाचं बोट यायला नको. आणि शिट्टी शिकवली. एक लांब शिट्टी झाली की जो जिथे आहे तिथे थिजायचं, सांगेपर्यंत हलायचं नाही. ही शिट्टी माझा अभिमान होती. पोरं अशी थांबत, की चेंडूसुद्धा लाजून थांबेल असं वाटे.

त्या दिवशी शाळेतल्या दुसऱ्या बाई मीटिंगला मुरबाडला गेल्या होत्या. मी एकटा आणि खळंभर पोरं. तिसरीतल्या एका मुलीला गोलात उभं केलं होतं. तिच्या आईने आधी नाहीच म्हटलं होतं. "पाय मोडून घेईल," म्हणाली. मी तिच्या अंगणात बसून, कोरा चहा पिऊन, "पोरगी माझ्या जबाबदारीवर" असा शब्द दिला, तेव्हा कुठे तिने सोडली.

चेंडू बराच वेळ गोलाकडे फिरकेना. पोरगी कंटाळली आणि खांबावरून सरसर चढून वरच्या आडव्या पाइपला लटकली. मी वळलो तेव्हा गोल पुढे कलायला लागला होता आणि मागच्या पाइपावरच्या गोणी पानं गळावीत तशा घसरत होत्या.

मी धावलो आणि दोन्ही हातांनी आडवा पाइप धरला. म्हणजे अर्ध्या वाटेत पडता गोल अडवला. तेवढंच. मागे ढकलायला अंगात जोर नाही, सोडायची सोय नाही. पोरगी हातपाय पाइपाला गुंडाळून माझ्या डोक्यावर. तिने उडी मारली असती तर ती खाली, तिच्यावर मी आणि दोघांवर लोखंड.

"गुरुजी, पडू का?" तिने रडत विचारलं.

"नको. घट्ट धर."

शिट्टी दातांतच होती. मदत बोलवायची म्हणून मी जीव खाऊन लांब फुंकली. सगळं खळं जागच्या जागी थिजलं. एकाचा पाय हवेत, तो तसाच. मी शिट्टी थुंकून टाकली आणि ओरडलो, "या रे." चार जण धावत आले ते थेट गोलाखाली. "येऊ नका." ते पुन्हा थिजले.

"या का नको या, गुरुजी?" एकाने विचारलं.

खिशातला फोन वाजायला लागला. बाईंचाच असणार, खेळाच्या तासाचा फोटो ग्रुपवर टाका म्हणून सकाळपासून मागे लागल्या होत्या. फोन वाजून वाजून थांबला. माझे दंड थरथरायला लागले आणि ती थरथर पाइपातून पोरीपर्यंत पोचली असावी, कारण ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मूल रडत असतं तेव्हा निदान समजूत काढता येते. ती नुसती बघत होती. माझी बोटं एकेक करून सुटत होती, आणि पुढे काय हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

वालाच्या शेंगा तोडून बायका बांधावरून घरी चालल्या होत्या. त्यात तिची आई होती. तिने पाटी टाकली ती बांधावरच. दोघींनी बाजूचे खांब धरले, आईने पोरीला कमरेला धरून खाली ओढलं, मग बायकांनी गोल हळूच आडवा केला. माझे हात मात्र तसेच वर राहिले. खाली घ्यावेत हे सुचायलाही वेळ लागला.

आईने पोरीचे हातपाय दाबून पाहिले, डोकं चाचपलं. कुठे खरचटलंही नव्हतं. मग घरंगळलेली एक गोणी तिने पायाने लोटली. गोणी लांबवर गेली. मग ती माझ्याकडे वळली.

"पोर दिसभर रानात जाते, झाडांवर चढते, तवा मला घोर नसतो गुरुजी. तुमच्याकडं धाडली का घोर लागतो."