न दिलेला हात

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसमध्ये होते. फोन तिच्या मुलीचा, रूथताईचा. "गेली गं आई. शेवटपर्यंत प्रभुभोजन घेतलं न्हाई बघ. म्हणायची, ती हात देईल तवाच." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मला हवं होतं ते मिळालं होतं... महिना झाला त्याला.

एस्तेरआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, पलूसजवळच्या आमच्या छोट्या चर्चच्या पंचांमधली एक. वडील गेल्यावर आई आणि मी तिच्या शेजारीच राहायचो. मी सांगलीच्या इंग्रजी शाळेत जायचे, कमी बोलायचे. "मडमिणबाई, तोंड हाय का घरी ठिवून आलीस?" असं ती चारचौघांत विचारायची. सगळे हसायचे. मी लक्षात ठेवायचे.

मी दहा वर्षांची असताना माझा ताप उतरेना. डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या देवाचा दोरा आणला आणि आईने तो माझ्या उजव्या मनगटाला बांधू दिला. रविवारी आत्याने माझी बाही वर केली, दोरा पाहिला आणि सरळ पंचांपुढे गेली. आमच्याकडे दुसऱ्या देवाचा आधार घेणाऱ्या माणसाला शिस्तीखाली ठेवतात. त्याने शेवटच्या बाकावर बसायचं; प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्याला वगळून पुढे जातं. सर्वांसमोर पश्चात्ताप केला, की ज्याचं मन दुखावलं असेल तो उठून उजवा हात देतो, आणि मग पुन्हा ताट मिळतं. आईने नकार दिला. "पोरीसाठी केलं. त्याचा खोटा पस्तावा कसा करू?" अकरा वर्षं ती त्या बाकावर बसली. ताट फिरवायला आत्याच असायची. आईपाशी आली की ती ते किंचित वर उचलायची, आईचा श्वाससुद्धा लागू नये असं. आई गेली तीही तशीच, भाकरीविना. मातीच्या वेळी आत्या रडली. मी तिच्याकडे बघून ठरवलं, हिलाही असंच जाऊ दे.

दोन वर्षांनी तिच्या मणक्यात कॅन्सर निघाला. मिरजेच्या हॉस्पिटलात मी केळी घेऊन भेटायला जायचे. खरं तर बघायला जायचे. कळ उठली की ती कॉटची दांडी, नर्सचा हात, जे सापडेल ते घट्ट धरायची. मला बरं वाटायचं. लिहू नये, पण वाटायचं. एकदा तिने माझंच मनगट धरलं. "मडमिणबाई, दुखतंय तवा माणूस कशालाबी धरतं गं. तुझ्या आईनं त्येच केलं हुतं. आन् मी ताटाची राखण करत बसले..." मी मनगट सोडवून घेतलं.

थोडा उतार पडल्यावर ती वॉकर घेऊन चर्चमध्ये आली आणि शेवटच्या बाकावर, आईच्या जागेवर बसली. मग उभी राहून म्हणाली, "माझ्या भावजयीला मी उपाशी धाडलं. माफी मागायला आता ती न्हाई. तिची पोर हाय." सगळं चर्च माझ्याकडे वळलं. एरवी कुणी बघितलं की मी मान खाली घालते. त्या दिवशी मी सरळ बघितलं आणि दोन्ही हात ओढणीखाली ठेवले. पाळकांनी तरीही तिच्यापुढे ताट धरलं. तिने मान हलवली. "असू द्या. पोरीला जबरदस्ती नगं."

पुढचे आठ महिने दर प्रभुभोजनाला तेच. मी साताऱ्याहून मुद्दाम यायचे, ते ताट पुढे जाताना बघायला. वाटलं होतं, ती खचेल. पण दुखणं वाढत असताना ती हलकी होत गेली. काकूंकडे जाऊन तिने दोऱ्याबद्दलही माफी मागितली. "आवं एस्तेरबाई, एवढ्याशा दोऱ्याचं काय घिऊन बसलाय!" काकू म्हणाल्या, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी दारात उभी होते. इतका राग मला तिचा कधीच आला नव्हता... ती मरत होती आणि बरी झाली होती.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिच्या वॉकरने बाकाच्या कडेला पडलेला ओरखडा तसाच आहे. ताट माझ्यापर्यंत आलं. मी न घेता ते डाव्या हाताने पुढे दिलं. पलीकडची म्हातारी कुजबुजली, "अगं, उजव्या हातानं दे की."

उजवा हात मोकळा नव्हता. ती बसायची त्या जागेवर तो मी ठेवला होता, तळवा वर करून.