खरी आई

माझी मुलगी रॅप करते, हे इथे आखातात, आमच्या सिलिकॉन ओएसिसच्या बिल्डिंगमध्ये मी कुणाला कळू दिलं नव्हतं. मग तिची पहिली मिक्सटेप आली आणि दोन गाण्यांच्या मधे चक्क माझाच आवाज! ऑफिसमधून मी तिला पाठवलेले व्हॉइस मेसेज तिने मला न विचारता जोडले होते. ‘यल्ला, ऊठ आता. डबा घेतलास का? इन्शाल्ला नको, हो किंवा नाही सांग.’ मी भडकलेच. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं?

आठवड्याभरात पुण्याच्या एका समीक्षकाने मिक्सटेपवर लेख लिहिला. गाण्यांचं तोंडभरून कौतुक होतं. फक्त शेवटी म्हटलं होतं, मधल्या बाईची भाषा बनावट वाटते, कुठलीच मराठी आई अशी बोलत नाही, त्या कामाला खरी आई घ्यायला हवी होती.

लेख वाचून मी स्वयंपाकघरात जी सुरू झाले ती थांबेचना. ‘खरी आई पाहिजे काय त्याला? ये म्हणावं इकडे, हबीबी!’

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी मुलगी हळूच म्हणाली, ‘आई, परत बोल ना. रेकॉर्ड करते.’

मी गॅस बंद केला आणि घसा खाकरला.