पेटत्या चुलीवरचं कौल

राहीबाई नवी नवरी म्हणून साताऱ्याला आली त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिनं ते भांडण चुलीपाशी बसून ऐकलं. सासरे नाथाजी मेढ्याकडून खाली उतरून शहरात हमाली करायचे. एका खोलीत भाड्यानं राहायचे. राहीबाई भाकरी थापत होती आणि दारात घरमालक गरजत होता.

"पावती हाय का तुज्याकडं? दाव की! न्हाई ना? मग चालता हो!"

"सा वर्सं भाडं दिलंय, आवं! तुमच्या हातावर ठेवलंय!"

"कुणी बघितलं?"

त्यावर नाथाजींनी जात्याचा खुंटा उपसून मालकाच्या कानशिलात घातला. मग काय, मालकाची माणसं शिडी लावून छपरावर चढली आणि कौलं उतरवायला लागली. एक कौल तव्यावरच आलं. भाकरी राखेत गेली आणि राहीबाईच्या डोक्यावर मोकळं आभाळ आलं. खाली नाथाजींना असं तुडवलं, की ते पुढं जन्मात डाव्या कुशीवर निजले नाहीत.

एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा गेला. सरकारकडून आलेला पैसा पदराला बांधून ती विट्याला दिराकडं आली. दीर लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन परतलेला. घरात पाणी मागायचं तरी हुकूम सोडल्यासारखं मागायचा. तो म्हणाला, सोनं घे. जाऊ म्हणाली, म्हैस घे. राहीबाईनं पडकं घर घेतलं.

दुष्काळात माणसं गाव सोडून चालली होती, घरं स्वस्त होती. आणि विट्याचे सोनं गाळायला देशोदेशी गेलेले गलाईवाले दिवाळीला घरी यायचे, त्यांना गावात नीटनेटकं घर हवं असायचं. राहीबाई पडकं घर घ्यायची, भिंती लिंपायची, चौकट बदलायची, चुना मारून विकायची. घर बघायला जाताना पाण्यानं भरलेली बादली बरोबर. ती जमिनीवर ओतायची आणि बघत उभी राहायची. पाणी दाराकडं वाहिलं तर बरं. कोपऱ्यात शिरून दिसेनासं झालं, तर खाली घुशी नांदतात असं समजून माघारी फिरायची. मग शेजारणीकडं चहाला बसायची. घराची खोड मालक झाकून ठेवतो, शेजारीण मात्र साखर विरघळायच्या आत सांगून मोकळी होते.

दोन घरं अशी पार पडली आणि राहीबाईला वाटलं, आपल्याला जमलं. तिसरं घर तिनं माणसांसकट घेतलं. निम्म्या किमतीत मिळालं म्हणून घेतलं. होती नव्हती ती सगळी पुंजी त्यात घातली. बाळासो गलाईवाला ते घ्यायला तयार होता, पण दिवाळीला, आणि रिकामं. आत राहायचा गुंडा, जळणाच्या वखारीत ओंडके फोडणारा. बायको जाईबाई आणि तीन पोरं. राहीबाई घर सोडा म्हणून सांगायला गेली तेव्हा आतून जाईबाईला भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. दार उघडून गुंडा हसला.

"भाडं देतो की बाई. उठत मातूर न्हाई. उठवून बघ."

कुऱ्हाड दाराशीच टेकवलेली होती. आत जाईबाई ओठाचं रक्त पदराला पुसत चूल फुंकत होती.

"कौलं उतरवू," लालासाहेब म्हणाला. "चार दिसात पळत्यात."

"चूल हाय की आत, भावजी."

"वैनी, असल्यानं धंदा हुतोय व्हय?"

राहीबाई गप्प बसली. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. नाही म्हणाली असती तर पुढचं काही घडलं नसतं. तिच्या गप्प बसण्याला लालासाहेबानं होकार धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चार गडी घेऊन छपरावर चढला. राहीबाई धावत पोचली तोवर निम्मं छप्पर उघडं पडलं होतं. आत कौलांचे तुकडे, किंचाळणारी पोरं. धाकटीच्या कपाळातून रक्ताची धार लागलेली, आणि चुलीवरची भाकरी राखेत. राहीबाईला पुढचं काही दिसेना. गुंडानं शिडी ओढली तसा एक गडी पालथा पडला, त्याच्या दंडाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. लालासाहेब उडी मारून खाली आला. गुंडानं त्याला दांड्याच्या फटक्यात लोळवलं आणि कुऱ्हाड फिरवून उगारली.

राहीबाई मधे घुसली. घाव चौकटीवर बसला. चौकट धरलेल्या तिच्या डाव्या हाताची दोन बोटं उंबऱ्यात पडली.

गुंडा कुऱ्हाड टाकून पळाला तो थेट जतकडं. दवाखान्यात पोलिसांचा जमादार आला. राहीबाईनं नुसतं नाव घ्यायचं होतं. गुंडा तुरुंगात, बायकापोरं रस्त्यावर, घर रिकामं, दिवाळीला बाळासो हजर. लालासाहेब डोक्याला फडकं बांधून खुणावत होता.

"कौल पडलं हातावर," राहीबाई म्हणाली.

"कौलानं दोन बोटं अशी सपकन कापली?"

"लय धारंचं हुतं."

लालासाहेब वर्षभर तिच्याशी बोलला नाही. बाळासोनं दुसरं घर घेतलं. राहीबाईनं पाटल्या मोडून त्या घरावर नवी कौलं घातली. जाईबाई खानावळीला भाकऱ्या देऊन भाडं भरायला लागली. राहीबाईला सही तेवढी यायची. तिनं मास्तरांकडून पावती लिहून घेतली, पण गुंडाच्या नावानं नाही, जाईबाईच्या.

"माजं नाव कशाला?" जाईबाई घाबरली.

"ठिव डब्यात. भाकरीपरास जपून ठिव."

संक्रांतीनंतर गुंडा पिऊन परतला आणि जाईबाईनं दार उघडलं नाही म्हणून फोडायला लागला. फळी फुटली. आत शिरून त्यानं तिचे केस धरले. चुलीशी खाली पडता पडता जाईबाईच्या हाताला मुसळ लागलं. पहिला घाव त्याच्या मनगटावर, दुसरा गुडघ्यावर. तिसरा घालायला शेजारणीच आल्या. त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर फरफटत नेलं तेव्हा त्याचा एक पाय उलटा वळला होता.

जमादार आला. गुंडा धुळीत पडून ओरडत होता, "माजं घर हाय! मीच भाडेकरी!"

"पावती हाय का तुज्याकडं?" राहीबाईनं विचारलं.

जाईबाईनं डबा आणला. जमादारानं पावती उजेडात धरून वाचली आणि गुंडाची कॉलर पकडली.

ते घर काही विकलं गेलं नाही. पुढं राहीबाईनं आणखी तीन खोल्या घेऊन भाड्यानं दिल्या, बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावच्या पावत्या देऊन. नवा पैसा हातात आलेली पोरं घर घेऊ का विचारायला यायची. ती सांगायची, "बादली घिऊन जा. शेजारणीला इचार. आत माणूस नांदत आसंल तर घिऊ नगं, आन् घेतलंच तर त्येच्या चुलीवर पाऊस येऊ दिऊ नगं." मग हात पुढं करायची. "ह्ये शिकायला मला दोन बोटं पडली. तुला फुकाट सांगतीया."

दरवर्षी वैशाखात ती शाकारणी करायची, फुटकी कौलं बदलून छप्पर नीट बसवायची. आधी भाडेकऱ्यांची छपरं, शेवटी आपलं. एकोणऐंशीच्या वैशाखात छातीत कळ येत होती तरी ती तीन बोटांत कौल धरून शिडीवरच्या गड्याला देत राहिली. भाडेकऱ्यांतलं शेवटचं घर जाईबाईचं. कौलं बसली तशी तिनं छपरावर बादली ओतायला लावली आणि आत जाऊन चुलीपाशी मान वर करून उभी राहिली.

"गळतंय का, आक्का?" जाईबाईनं विचारलं.

"न्हाई. टाक भाकरी."

गरम भाकरी खाऊन तिनं महिन्याची पावती काढली, सही केली, जाईबाईच्या डब्यात आपल्या हातानं ठेवून झाकण लावलं. गड्याला म्हणाली, "शिडी माज्या भिंतीला लाव. माजं उद्या." आणि रिकामी बादली उचलून घराकडं चालू लागली.